भाकड तांबू

जाहिरात चार ओळींची होती. बसून चालवायचं जुनं लॉनमोअर, रंग लाल, सध्या बंद, दोनशे डॉलर, स्वतः येऊन न्यावं. शेवटी विकणाऱ्यानं प्रामाणिकपणे एक उणीवही नोंदवली होती : सीटखालच्या पत्र्यावर कुणीतरी चिनी भाषेत काहीतरी खरवडून ठेवलंय, पण त्यानं चालण्यात फरक पडत नाही.

मी फोटो मोठा केला. चिनी नव्हतं. दोन दंड, श्री, पुन्हा दोन दंड. खिळ्यानं कोरलेला, आणि खिळा घसरल्यामुळे वेलांटी जरा लांबलेली. ओहायो राज्यात गवत कापायच्या यंत्रावर श्री कोरणारी घरं किती असतील याचा हिशेब करायची मला गरज पडली नाही. ती वेलांटी लांबली तेव्हा टॉर्च धरून मीच उभा होतो आणि टॉर्च हलवला म्हणून अण्णांची टपली मीच खाल्ली होती.

"अगं, तांबू सापडली!" मी ओरडलो.

"कोण तांबू?" साठीच्या नवऱ्याच्या तोंडून असलं नाव ऐकल्यावर बायकोनं जितक्या थंडपणे विचारायला हवं, तितक्याच थंडपणे तिनं विचारलं.

तांबू म्हणजे एक छोटा ट्रॅक्टरच म्हणा. चार बुटकी चाकं, माणूस बसेल एवढी सीट, सीटच्या मागे आठ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पोटाखाली गरगर फिरणारं पातं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे तांबूची बरीच बदनामी व्हायची आहे.

आम्ही १९७४ साली खटाव तालुक्यातून थेट डेटनजवळच्या एका गावात येऊन पडलो. मी नऊ वर्षांचा होतो. दोनच वर्षांपूर्वी बहात्तरचा दुष्काळ होऊन गेला होता. आमच्या आळीत तेव्हा मिलो खाल्ला नाही असं घर नव्हतं. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या भाकरीची चव ज्यांना आठवते त्यांना आठवते, इतरांनी आग्रह धरू नये. जनावरांना तर तीही नव्हती. कडब्याच्या एकेका पेंढीवरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले मी पाहिले होते. आणि अण्णा, म्हणजे सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल होऊन बाहेर पडलेले माझे वडील, ज्या घरात आम्हाला घेऊन आले, त्या घराभोवती अर्धा एकर नुसतं हिरवंगार गवत होतं. गुडघ्याएवढं. मालक नसलेलं. एकही म्हैस जवळ नसलेलं.

तिसऱ्या आठवड्यात नगरपालिकेची चिठ्ठी आली. गवत आठ इंचांपेक्षा उंच झालंय, कापा, नाहीतर आम्ही कापू आणि बिल पाठवू. अण्णांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. "गवत उगवलं म्हणून दंड करणारं सरकार," ते म्हणाले, "मी पहिल्यांदाच बघतोय."

अमेरिकेला हे वेड कुठून लागलं याचा मी नंतर बराच माग काढला. मूळ दुखणं इंग्लंडचं. तिथल्या बड्या जमीनदारांना घरासमोर नुसतं गवत राखायची हौस. या जमिनीत मी धान्य पेरत नाही, कारण मला गरज नाही, हे शेजाऱ्याला न बोलता सांगायचा तो प्रकार. कापायला विळे घेतलेले गडी, नाहीतर मेंढरं. मग स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगला गिरणीत लोकरी कापडावरचे तंतू तासणारं यंत्र बघून कल्पना सुचली, की जे कापडाला चालतं ते जमिनीला का चालू नये? १८३० साली त्यानं पेटंट घेतलं. लोक वेडा म्हणतील म्हणून तो हे यंत्र रात्री अंधारात चालवून बघायचा असं सांगतात. पेटंटच्या अर्जात त्यानं असंही सुचवलंय, की सभ्य गृहस्थांनी हे यंत्र स्वतः ढकललं तर त्यांना करमणूक आणि व्यायाम दोन्ही होईल. ज्याला गडी परवडत नाही त्याला व्यायामाचं महत्त्व पटवायचं, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एकासारखी एक घरांची गावंच्या गावं उठली. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये तर घरमालकानं आठवड्यातून एकदा गवत कापायचं हे करारातच होतं. जमीनदाराची हौस कारकुनाच्या गळ्यात पडली. २००५ साली उपग्रहांच्या आणि विमानांतल्या छायाचित्रांवरून कुणी मोजमाप केलं, तेव्हा या देशातलं लॉन भरलं सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर. म्हणजे निम्म्याहून अधिक महाराष्ट्र. सावंतवाडीपासून निघावं आणि पार मराठवाड्यात शिरेपर्यंत फक्त गवत कापत जावं. पाणी घालून वाढवायचं, खत घालून वाढवायचं आणि वाढलं की वाढलं म्हणून कापायचं.

दोन उन्हाळे अण्णांनी हातानं ढकलायचं यंत्र वापरलं. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. एका टोकाला पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाचं पुन्हा वाढलेलं असायचं. १९७६ साली त्यांनी गराज सेलमध्ये लाल यंत्र घेतलं. किंमत डॉलरमध्ये दिली, पण धक्का रुपयांत बसला, कारण अण्णा प्रत्येक डॉलरला आठानं गुणायचे. आजही गुणतात. रुपया कुठल्या कुठे घसरला, पण अण्णांचा डॉलर चौऱ्याहत्तर सालच्या भावावर घट्ट आहे.

पुढच्या उन्हाळ्यात आजी आली. पहिल्या दिवशी ती मागच्या पायरीवर बसून अण्णांचा हा खेळ तासभर बघत राहिली. मुलगा शिकला, साता समुद्रापार गेला, आणि लाल गाडीवर बसून गवताला प्रदक्षिणा घालतोय. अण्णा उतरल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला.

"एवढी वैरण कापलीस. जनावरं कुठं हैत तुझी?"

"जनावरं नाहीत आई."

"मग कशापायी कापलीस?"

अण्णांनी नगरपालिका, नियम, शेजारधर्म असं बरंच सांगितलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि उठून यंत्राभोवती एक फेरी मारली. रंग तांबडा, आवाज घोगरा, दिवसभर चरते आणि दूध देत नाही. "भाकड हाय," तिनं निदान केलं. गावाकडच्या तिच्या तांबड्या गाईवरून नाव पडलं तांबू. त्या दिवसापासून आमच्या घरी कुणी लॉन मो करेनासं झालं. आम्ही तांबूला चरायला सोडत असू.

पण खटावच्या बाईला कापलेलं गवत फेकून देणं सहन होईना. तिनं दाताळं मागवलं आणि मागच्या कुंपणाशी रीतसर गंजी लावायला घेतली. गावाकडे कडबा वाळलेला असतो. हे होतं ओलं आणि कोवळं. आठव्या दिवशी गंजीतून वाफा निघायला लागल्या. ओल्या गवताचा ढीग आतून तापतो, इतका की हात घालवत नाही. दहाव्या दिवशी वास सुटला. बाराव्या दिवशी नगरपालिकेची दुसरी चिठ्ठी आली. "मुरघास हाय म्हणावं त्यास्नी," आजी म्हणाली. मुरघासाला इंग्रजीत काय म्हणतात हे अण्णांना तेव्हा येत होतं, पण नगरपालिकेला काय म्हणायचं हे येत नव्हतं. त्यांनी शनिवारभर गंजी पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत घातली. आजी दोन दिवस जेवली नाही असं नाही, पण बोलली मात्र नाही.

आषाढ आला. आमच्या साताऱ्याकडे पोळा नाही, बेंदूर. इतर महाराष्ट्र श्रावणातल्या अमावास्येला बैल सजवतो, आम्ही त्याआधीच उरकतो. आजीनं पुरण घातलं आणि अण्णांना सांगितलं, तांबूला धू. अण्णांनी आढेवेढे घेतले, पण आई सातासमुद्रापलीकडून एकदाच आलेली. तांबूला आंघोळ घातली. जुन्या नऊवारीची झूल पांघरली. स्टिअरिंगला झेंडूच्या माळेऐवजी आईनं के-मार्टमधून आणलेली प्लॅस्टिकची फुलं बांधली. पुरणपोळीचा घास कुठे ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली आणि तो पेट्रोलच्या टाकीवर ठेवला गेला. मग आजीनं पुढच्या पत्र्यावर हळदकुंकवानं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

नेमके त्याच वेळी शेजारचे म्हातारबाबा कुंपणापाशी आले. ते दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढलेले. तांबूकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. अण्णांचा चेहरा तर धुतलेल्या तांबूपेक्षा ओला झाला. हिंदू धर्म, पाच हजार वर्षं, मंगल चिन्ह, उजवीकडचं आणि डावीकडचं, तिरकं आणि सरळ, असं ते एका दमात बोलत सुटले. म्हातारबाबा गप्पच.

"काय म्हंतोय त्यो?" आजीनं विचारलं.

"आई, ते लढाईत होते. इटलीत. ज्यांच्याशी लढले त्यांच्या झेंड्यावर हेच होतं."

"आमचं मालक बी इटलीतच व्हतं की," आजी म्हणाली. "मराठा पलटणीत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीवर मीच काढलं व्हतं ह्ये."

अण्णांनी भाषांतर केलं. म्हातारबाबांनी टोपी काढली. पुढे त्यांचं आणि आजीचं अर्धा तास बोलणं झालं. त्यांचं इंग्रजी, तिचं खटावी, आणि मध्ये कोणीही भाषांतर करत नव्हतं. गावांची नावं तेवढी दोघांना समजत असावीत. जाताना ते पुरणपोळी घेऊन गेले. ते गेल्यावर आजीनं पदरानं स्वस्तिक पुसलं आणि म्हणाली, "श्री काढ त्यापरीस. देव त्योच." कुंकवाचा श्री पहिल्याच पावसात गेला. म्हणून त्या रात्री अण्णांनी सीट उचलून, कुणाला दिसणार नाही अशा जागी, खिळ्यानं कोरला. टॉर्च माझ्या हातात होता.

तांबूचे गुण सांगितले तर एक अवगुणही सांगायला हवा. हल्लीच्या यंत्रांत माणूस सीटवरून उठला की इंजिन आपोआप बंद पडतं. तांबूला ही शिस्त नव्हती. एकदा अण्णा वाटेतली फांदी उचलायला उतरले आणि तांबू त्यांच्यावाचून पुढे निघाली. पात्याच्या टोकाचा वेग अशा यंत्रांत ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो, त्यामुळे पुढून जाऊन अडवण्यात अर्थ नव्हता. म्हातारबाबांची गुलाबाची अख्खी रांग चरून ती मेपलच्या झाडावर जाऊन थडकली. अण्णा मागे धावतायत, मी अण्णांच्या मागे, आणि पायरीवरून आजी ओरडतेय, "दाव्याला बांध म्हटलं व्हतं!"

मी कॉलेजात असताना, १९८६ साली, अण्णांनी तांबू विकली. सुट्टीत घरी आलो तर तिच्या जागी नवं हिरवं यंत्र. "पंच्याहत्तर आले," अण्णा म्हणाले. "म्हणजे सहाशे." गाय कसायाला विकल्यासारखं तोंड मी का केलंय हे त्यांना कळलं नाही. मलाही पुढची सदतीस वर्षं कळलं नाही.

घरापासून पन्नास मैलांवरच्या एका खळ्यात ती उभी होती. टायर बसलेले, सीटचा स्पंज उंदरांनी नेलेला, इंजिनावरचं झाकण उघडलं तर त्याच स्पंजाचं तिथे घर बांधलेलं, आत अक्रोडांची बेगमी. विकणाऱ्या शेतकऱ्यानं शंभर वर्षांचं यंत्र असावं अशा आविर्भावात सगळं दाखवलं. मी श्रीवरून बोट फिरवलं. "अर्थ काय त्याचा?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, मालकाचं नाव आहे.

लॉनमोअरवर माणसाचा जीव जडतो हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं. आयोवातल्या अल्विन स्ट्रेट नावाच्या त्र्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना १९९४ साली विस्कॉन्सिनमधल्या आजारी भावाला भेटायचं होतं. नजर अधू, गाडीचा परवाना नाही. लॉनमोअरला परवाना लागत नाही. मागे छोटी ट्रॉली जोडून ते १९६६ सालच्या जॉन डिअरवर बसले आणि सुमारे २४० मैल, म्हणजे पावणेचारशेच्या वर किलोमीटर, गेले. सहा आठवडे लागले. आळंदीची पालखी यापेक्षा भरभर चालते. डेव्हिड लिंचनं त्यावर १९९९ साली सिनेमा काढला. दुसरे म्हणजे जॉर्ज जोन्स, कंट्री गाण्यातला मोठा माणूस आणि तेवढाच मोठा पिणारा. बायकोनं घरातल्या सगळ्या गाड्यांच्या चाव्या लपवल्या, तर हा लॉनमोअरवर बसून आठ मैलांवरच्या दुकानात गेला. त्यानंच हे लिहून ठेवलंय. चाव्या लपवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मी तीन महिने गराजमध्ये होतो. पहिल्या आठवड्यात नुसती सफाई. टाकीत पेट्रोलचं डिंकासारखं काहीतरी झालेलं, कार्ब्युरेटर त्यानं चिकटलेला, जेटमधून सुई जाईना. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्या सगळ्या बदलल्या. तरी ठिणगी येईना. दोरी ओढून ओढून उजवा खांदा उतरला. बायको येऊन बघून गेली. "गाय परवडली असती," म्हणाली. तिला आजीची गोष्ट मी तोवर सांगितलेली नव्हती.

मग अण्णांना आणलं. एकोणनव्वद वर्षांचे, हातात काठी, कानात यंत्र. खुर्ची टाकून बसले आणि मला चाळीस वर्षांपूर्वीच्या त्याच आवाजात सांगायला लागले. फ्लायव्हील काढ. हातोडी नको, पुलर लाव. खाली पॉइंट आहेत, पॉलिश पेपरनं घास. गॅप वीस थाऊ. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक मापक होतं. त्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, खिशातून स्वतःच्या फीलर गेजची पानं काढली. फ्लायव्हीलची ॲल्युमिनियमची चावी अर्धी तुटलेली निघाली. ती मुद्दामच मऊ केलेली असते. पातं दगडावर आपटलं की चावी तुटावी आणि इंजिन वाचावं, असा तिचा धर्म. "मेपलच्या वेळचीच आहे," अण्णा म्हणाले. तसं असतं तर त्यानंतरची नऊ वर्षं तांबू चाललीच नसती, पण मी बोललो नाही.

गिअरबॉक्सच्या ऐवजी तांबूत एक मजा आहे. ॲल्युमिनियमची एक तबकडी फिरत असते आणि तिच्यावर काटकोनात एक रबरी चाक टेकलेलं असतं. चाक मध्याकडे सरकवलं की तांबू हळू, कडेकडे नेलं की जोरात. जात्याच्या मध्याजवळ आणि कडेला हात धरून बघा, कळेल. हे रबर गुळगुळीत झालं की यंत्र सपाटीवर चालतं आणि चढावर नंदीबैलासारखं उभं राहतं. नवं रबर दुकानदारानं घरपोच पाठवलं, त्याच्या किमतीपेक्षा पोस्टाचा खर्च जास्त.

ऑगस्टच्या एका संध्याकाळी तिसऱ्या ओढीला तांबू बोलली. आधी खोकली, मग निळा धूर सोडला आणि मग तोच घोगरा आवाज. अण्णांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं. त्याशिवायही ऐकू येत होतं.

आता राहिला फक्त रंग. इथे माझी अक्कल गहाण पडली. पत्रे सोडवून मी एका रंगवाल्याकडे दिले आणि सांगितलं, अगदी नव्यासारखं करून दे. भला माणूस, शब्दाचा पक्का. गंज काढला, मेपलचा पोचा ठोकून सपाट केला, पुट्टी भरली आणि तीन हात तांबडा रंग दिला. आरशासारखा. सीटखालचे ओरखडेसुद्धा घासून भरलेत, असं त्यानं अभिमानानं सांगितलं आणि त्या कामाचे वीस डॉलर वेगळे लावले.

दसऱ्याला तांबू अंगणात आणली. अण्णांनी काठी बाजूला ठेवली, एक फेरी मारली, पुढचा पत्रा चाचपला आणि सीट उचलून पाहिलं.

"ही तांबू नव्हे," ते म्हणाले.

"अण्णा, तीच आहे. तुम्ही स्वतः पॉइंट बघितलेत."

"इंजिन तिचं असेल. ही नव्हे. पोचा नाही, श्री नाही. कुणाची तरी उचलून आणलीस."

मी पावत्या दाखवल्या. एकूण १,६४० डॉलर. अण्णांनी डोळे मिटून आठानं गुणलं. "तेरा हजार एकशे वीस," ते पुटपुटले. आजच्या भावानं ते सव्वा लाखाच्या वर जातं हे मी बोललो नाही. एवढ्या वयात रक्तदाब सांभाळावा लागतो. मग त्यांनी खिळा मागितला. माझा जीव वर-खाली झाला. तीन हात रंग होता. पण खटाव तालुक्यातल्या हट्टापुढे ओहायोचा रंग टिकत नाही, हे मला १९७७ पासून ठाऊक होतं. मी खिळा दिला, फोनचा दिवा लावला आणि हात अजिबात हलू दिला नाही.

तरी वेलांटी लांबलीच.

आता एकच अडचण उरली आहे, आणि ती मांडण्यासाठीच खरं तर हा लेखनप्रपंच. आम्ही नवरा-बायको चार वर्षांपूर्वी टाउनहाऊसमध्ये राहायला आलो. इथलं गवत सोसायटीचा माणूस कापतो. घरासमोर माझं म्हणून जे गवत आहे, ते चहाच्या ट्रेएवढं आहे आणि तेही मी कापलं तर नियमभंग होतो. तेव्हा डेटन, सिनसिनाटी किंवा कोलंबस भागात कुणा मराठी माणसाकडे अर्धा एकर लॉन असेल तर कृपया कळवावं. शनिवार-रविवार मोकळे आहेत. तांबू ट्रेलरवर घालून मी येईन, पेट्रोल माझं, मोबदला नको. चढ फार नसावा. सोबत अण्णा असतील, त्यांना एक खुर्ची लागेल आणि चहा साखरेचा. कापलेलं गवत मात्र आम्ही घेऊन जाऊ. अण्णांना ते हवंय. कशाला, ते विचारू नये.